कारणाचा रकाना

“कुमुद, जरा उठतं का बाई?”

वैरागडे काकांची ही हाक त्या दिवसांत मला नकोशी झाली होती. सकाळचे अकरा वाजले होते. टाइपरायटरवरून नजर न काढता मी विचारलं, “काय पाहिजे काका?”

“पंचिंग मशीन दे बरं.”

पंचिंग मशीन खिडकीजवळच्या लोखंडी कपाटावर होती. काकांच्या खुर्चीपासून ती चार पावलांवर आणि माझ्या खुर्चीपासून, म्हणजे हॉलच्या पार दुसऱ्या टोकाहून, चौदा. ती तिथे नेऊन ठेवली होती तीही त्यांनीच. मी आधी काचेकडे पाहिलं. साहेबांच्या केबिनला हॉलच्या बाजूनं मोठी काच होती. सबनीस साहेब खाली मान घालून काही वाचत होते. तेवढी संधी साधून मी उठले आणि डाव्या पोटरीत अशी कळ आली की टेबलाचा काठ धरावा लागला.

मशीन त्यांच्यापुढे नेऊन ठेवली. काकांनी तिला हातही लावला नाही. ते माझ्या पायांकडे बघत होते.

“लंगडून राह्यली का तू?”

“मुंग्या आल्या काका.”

“कधीपासून?”

“मला काम आहे,” मी म्हटलं आणि जमेल तितकं सरळ चालत जागेवर आले. खुर्चीत बसले तेव्हा काचेपलीकडे सबनीस साहेबांनी मान वर केलेली होती.

ही गोष्ट त्र्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली. कार्यालय कुठल्या खात्याचं आणि कुठल्या गावचं ते सांगत नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून आहेत आणि पेन्शनच्या दिवशी बँकेत भेटतात. विदर्भातलं एक तालुक्याचं गाव होतं, एवढं पुरे. मी सव्वीस वर्षांची होते. नोकरीला अकरा महिने झाले होते आणि ती मला अनुकंपेवर मिळाली होती. माझे बाबा, मनोहरराव भोयर, याच कार्यालयात आस्थापना शाखेत लिपिक होते. सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये ते कामावर असतानाच गेले. यादीत पाच वर्षं थांबल्यावर मला आदेश आला, आणि हजर झाले त्या दिवशी मला जे टेबल दाखवलं ते बाबांचंच होतं. दाखवणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तेवढं एकच टेबल रिकामं होतं.

“तुझे बाबा जागेवरच गेले,” असं आई सांगायची. म्हणजे पटकन गेले, फार सोसलं नाही, असं तिला म्हणायचं असे. ऑफिसातही लोक हेच शब्द वापरायचे, पण वापरताना माझ्या खुर्चीकडे बघायचे.

घरी आई होती आणि बारावीतली धाकटी बहीण. मार्चअखेर माझं परिविक्षेचं वर्ष संपणार होतं. साहेबांनी अहवालात ‘समाधानकारक’ लिहिलं की मी कायम होणार, आणि नाही लिहिलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मला दुसरं काही सुचत नव्हतं. झोपेतही मी तो एक शब्द टाइप करत असे.

आणि त्यातच हालचाल रजिस्टर आलं.

हालचाल रजिस्टर तसं प्रत्येक सरकारी कार्यालयात असतं. कोण बाहेर गेलं, किती वाजता, कशासाठी, परत कधी आलं, असे रकाने असतात आणि सहसा ते कोरेच असतात. सबनीस साहेब पुण्याकडून बदलून आले होते. माणूस वाईट नव्हता, पण घाबरट होता, आणि घाबरट माणूस साहेब झाला की खालच्यांचे हाल होतात. विभागीय कार्यालयाची दप्तर तपासणी तीन आठवड्यांवर आली तेव्हा त्यांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं.

“मी काचेतून कधीही पाहिलं तरी प्रत्येक जण जागेवर दिसला पाहिजे,” ते म्हणाले. “आजपासून हॉलच्या बाहेर पाऊल टाकायचं तर रजिस्टरमध्ये नोंद. कारणासहित. रोज संध्याकाळी मी स्वतः तपासणार. अनावश्यक कारणाला लाल गोल. तीन लाल गोल झाले की मेमो.”

“लघवीला किती मिनिटं मंजूर आहेत, तेही छापून द्या म्हणा,” माझ्या मागे उभे असलेले बारापात्रे पुटपुटले. बारापात्रे आमच्या आवक-जावक शाखेत होते आणि त्यांच्या तोंडाला कुणी लागत नसे.

“ही पद्धत माझी नाही,” साहेब पुढे म्हणाले. “जुनी दप्तरं चाळताना सापडली. सत्त्याऐंशीच्या तपासणीत इथे असंच रजिस्टर ठेवलं होतं. तपासणी उत्तम झाली होती.”

सत्त्याऐंशी म्हटल्यावर मी वैरागडे काकांकडे पाहिलं, कारण आमचे हे हेडक्लार्कच तेवढे त्या वेळचे उरले होते. त्यांचा चेहरा उतरला होता. निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष राहिलेला माणूस, आता काय ही कटकट, असं वाटत असेल, एवढंच माझ्या मनात आलं.

त्या दिवसापासून मी आपणहून उठणंच सोडलं. सकाळी साडेनऊला बसायचं ते संध्याकाळी साडेसहापर्यंत. बाहेर जावं लागू नये म्हणून पाणी पिणं बंद केलं. डबा टेबलावरच खायचा. तपासणीसाठी दीडशे सेवापुस्तकांच्या याद्या टाइप करायच्या होत्या, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. दुसऱ्याच आठवड्यात मान वळेनाशी झाली. कुणी बाजूनं हाक मारली तर मला अख्खं अंग वळवावं लागे. कंबर धरली, गुडघे धरले. घरी गेल्यावर आई म्हणायची, “म्हाताऱ्यासारखी काय चालतेस गं?” मी हसून सोडून देत असे.

सगळे बसून असताना एकटे वैरागडे काका मात्र भलतंच वागू लागले. आमच्या हॉलमधला पाण्याचा माठ त्यांनी सिंधूबाईंना सांगून व्हरांड्याच्या टोकाला नेऊन ठेवला. सिंधूबाई म्हणजे आमच्या शिपाई. त्या कुरकुरल्या, बारापात्र्यांनी शिव्या घातल्या, पण काका ऐकेनात. शिक्के एका खिडकीत, टाचण्यांचा डबा दुसऱ्या खिडकीत, पंचिंग मशीन कपाटावर. स्वतः ते उभ्याउभ्या फायली वाचायचे. बसले तरी टेबलाखाली त्यांच्या टाचा सारख्या वरखाली चाललेल्या असायच्या. “काकांनी शिलाई मशीन घेतली वाटते,” असं बारापात्रे म्हणायचे आणि आम्ही तोंड दाबून हसायचो.

माझं हसू थांबलं ते त्यांनी माझं नाव घ्यायला सुरुवात केली तेव्हा. दर तासाला हाक. चारपैकी तीन हाका मी ऐकल्या न ऐकल्यासारख्या करायची, पण चौथीला उठावंच लागे. “कुमुद, शिक्का आण.” “कुमुद, वरच्या रेकॉर्ड रूममधून एक्क्याऐंशीचा गठ्ठा आण.” रेकॉर्ड रूम वरच्या मजल्यावर, म्हणजे रजिस्टरमध्ये नोंद करणं आलं. मी गठ्ठा आणायची आणि काका तो न सोडताच बाजूला ठेवायचे. पहिल्याच आठवड्यात माझ्या नावापुढे लाल गोल पडला. दुसऱ्या आठवड्यात दुसरा.

“तुला कळत नाही का?” एकदा बारापात्रे हळूच म्हणाले. “त्याची पुतणी अनुकंपेच्या यादीत आहे. तुझी जागा खाली झाली की तिचाच नंबर. इतक्या लोकांत तुलेच काहून उठवते तो?”

खरं सांगते, मला तोपर्यंत हे सुचलंही नव्हतं. पण एकदा ऐकल्यावर ते डोक्यातून जाईना. बाबांच्या दहाव्याला हाच माणूस आमच्या अंगणात कोपऱ्यात बसून राहिला होता, जेवायलाही उठला नव्हता, ते मला आठवत होतं. तरी मी भीतीपायी बारापात्र्यांवर विश्वास ठेवला.

तर तो गुरुवार. तपासणी सोमवारी होती. अकराला मशीन देऊन झाली. बाराला पुन्हा हाक आली.

“कुमुद, वर जाऊन येतं का? एकोणऐंशीचा गठ्ठा पाहिजे होता.”

“नाही,” मी म्हटलं. हॉलमधले दोघं-तिघं मान वर करून बघू लागले. “माझे दोन गोल झालेत काका. तिसरा झाला तर मेमो. तुम्ही सिंधूबाईंना सांगा.”

काका खाली बसले. टेबलाखाली त्यांच्या टाचा हलत नव्हत्या.

दीड वाजता सगळे डबे घेऊन व्हरांड्यात गेले. हॉलमध्ये मी एकटीच राहिले. पोटरी सकाळपासून ठणकत होती, आता ती आतून गच्च भरल्यासारखी वाटत होती. मी साडीची निरी थोडी वर केली आणि पाहिलं. डावा पाय उजव्यापेक्षा जाड होता. चपलेचा पट्टा कातड्यात रुतून वळ उठला होता. हात लावला तर पाय गरम होता, ताप आल्यासारखा, आणि उजवा मात्र नेहमीसारखा गार.

मला आईचं बोलणं आठवलं. बाबा गेल्यावर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, शेवटच्या आठवड्यात ते नुसते पोटरी भरून येते म्हणायचे हो, मी रोज तेल चोळून द्यायची. डॉक्टरांनी नंतर सांगितलं होतं की पायात रक्ताची गाठ झाली होती आणि ती छातीत गेली. बाबा खुर्चीतून उठले, दोन पावलं टाकली आणि कोसळले. ती दोन पावलं म्हणजे माझ्या टेबलापासून बारापात्र्यांच्या टेबलापर्यंत. मी रोज ती जागा ओलांडून जात होते.

मी निरी सारखी केली आणि हिशेब मांडला. आज गुरुवार. शुक्रवार, शनिवार, मग सोमवारी तपासणी. तपासणीच्या तोंडावर आजारी रजा टाकली तर सबनीस साहेब काय लिहितील ते मला पाठ होतं. रविवारी कुणाला न सांगता दवाखान्यात जाऊन येऊ. तोवर उठायचंच नाही, म्हणजे गाठ असली तरी हलणार नाही, असंही माझ्या मनानं घेतलं. सव्वीस वर्षांची शिकलेली मुलगी मी, आणि खुर्चीला चिकटून बसलं की वाचू, असं मला वाटत होतं. त्या दुपारी मी उठायलाही घाबरत होते आणि बसायलाही.

तीन वाजता वैरागडे काका माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. या वेळी त्यांनी काही मागितलं नाही.

“पाय दाखव.”

“काय?”

“डावा पाय दाखव बेटा. सकाळपासून पाहून राह्यलो मी.”

मी पाय खुर्चीखाली ओढून घेतला. त्यांनी खाली वाकून पाहिलं, आणि सरळ झाले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

“चाल. दवाखान्यात जाऊ.”

“सोमवारनंतर जाईन.”

“आता चाल.”

“काका, मी उठणार नाही,” मी दबक्या आवाजात म्हटलं, आणि मग इतके दिवस गिळलेलं तोंडून निघून गेलं. “तुमच्या पुतणीला ही जागा पाहिजे ना? मी नाही सोडणार. माझ्या बाबांची आहे ही.”

काका माझ्याकडे बघत राहिले. बारापात्रे फायलीत तोंड घालून बसले. मला वाटलं आता हा माणूस ओरडेल. पण ते वळले आणि हॉलच्या बाहेर गेले. रजिस्टरमध्ये नोंद न करता गेले. जिन्यावर त्यांची पावलं ऐकू आली, एक एक पायरी थांबून चढत होते.

दहाएक मिनिटांनी परत आले ते धुळीनं माखलेलं एक लांबट रजिस्टर घेऊन. त्यांनी ते माझ्या टाइपरायटरवरच उघडं ठेवलं आणि एका पानावर बोट टेकवलं.

“वाच.”

‘हालचाल रजिस्टर, मार्च १९८७.’ नऊ तारखेच्या ओळीत बाबांचं अक्षर होतं. त्यांचं अक्षर मी सहा वर्षांनी पाहत होते. म. रा. भोयर, दहा वाजून पन्नास मिनिटं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : पाय मोकळे करणे.

त्या तीन शब्दांवरून लाल शाईची रेघ गेलेली होती. शेजारी समासात लाल अक्षरांत लिहिलं होतं : हे कारण होत नाही. जागेवर बसावे. खाली सही.

दहा तारखेला पुन्हा बाबा. तेच तीन शब्द, तीच लाल रेघ, तीच सही. अकरा तारखेला बाबांच्या नावाची एकही नोंद नव्हती. बारा तारखेला बाबा गेले.

सही मला ओळखू येत होती. ‘वै’वरच्या दोन मात्रा लांब फटकारलेल्या. दिवसातून वीस वेळा ती सही मी माझ्या टिपणांखाली बघत होते.

“तुम्ही?” मी म्हटलं.

“मी,” काका म्हणाले. “तेव्हाच्या साहेबानं लाल पेन माह्याकडं दिला होता. मले वाटलं, मोठं काम भेटलं आपल्याले.” त्यांचा आवाज अगदी सपाट होता. “तुह्या बापानं वाचलं अन् हसला. म्हणे, वैरागडे, पायाले कारण लागते का? पण जाऊन बसला. मी लिहिलं म्हणून बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं लिहिणंच सोडलं, अन् उठणंही.”

मी पुन्हा त्या लाल रेघेकडे पाहिलं.

“डॉक्टरनं सांगतलं, बसून बसून गाठ झाली. तुह्या मायले मी हे आजवर सांगतलं नाही. धाडसच झालं नाही.” त्यांनी रजिस्टर मिटलं. “मले काय म्हणायचं ते तू उद्या म्हण. जोडे मार पाहिजे तं. पण आता उठ, बेटा. मी हात जोडतो तुले.”

आणि त्यांनी खरंच हात जोडले. सगळ्या हॉलसमोर.

मला राग आला नाही, रडू आलं नाही. मला फक्त भीती वाटली, पण ती आता मेमोची नव्हती. मी टेबलाला धरून उठले. त्यांनी एका बाजूनं मला धरलं, सिंधूबाईंनी दुसऱ्या. केबिनच्या दाराशी स्टुलावर ते नवीन रजिस्टर होतं, तिथवर पोचलो तेवढ्यात सबनीस साहेब बाहेर आले.

“कुठे निघालात भोयर? सोमवारी तपासणी आहे, कल्पना आहे ना? याद्या झाल्यात?”

काकांनी एका हातानं जुनं रजिस्टर उघडून नव्याच्या शेजारी ठेवलं.

“साहेब, तुम्ही म्हणता ती जुनी पद्धत ही होय,” ते म्हणाले. “तारखा वाचून घ्या. नऊ, दहा अन् बारा. बारा तारखेले हिचा बाप या हॉलात मेला. मी आल्यावर तुम्ही म्हणाल तिथं सही करतो.”

साहेब वाचायला वाकले. आम्ही त्यांच्या उत्तरासाठी थांबलो नाही.

फाटकातून सिंधूबाईंनी सायकलरिक्षा बोलावली. काकांनी मला एकही पाऊल जास्तीचं टाकू दिलं नाही. रिक्षात बसल्यापासून ते दर मिनिटाला एकच विचारत होते.

“श्वास बरा आहे?”

“हो.”

“छातीत दुखते का?”

“नाही.”

मग पुन्हा, “श्वास बरा आहे?” त्यांनी विचारलं की मी माझा श्वास ऐकायची, आणि ऐकायला लागलं की तो अडतोय असं वाटायचं. बाजारातून जाताना लोक भाजी घेत होते, घासाघीस करत होते. दवाखाना जेमतेम दीड मैलावर होता. तेवढ्या वाटेत मी मनातल्या मनात आईची आणि बहिणीची दोनदा क्षमा मागितली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी टेपनं दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी चार सेंटिमीटर जास्त भरली.

“घरात कुणाला असं झालं होतं?”

“माझ्या बाबांना,” मी म्हटलं. काका दारात उभे होते. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

“काम काय करता? बसून?”

“हो.”

“दिवसातून किती वेळा उठता?”

मी दाराकडे पाहिलं. त्यांनी नर्सला इंजेक्शन आणायला सांगितलं आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आज आलात ते बरं केलंत. चार दिवसांनी आला असता तर मी काही सांगू शकले नसते.”

मला दहा दिवस ठेवून घेतलं. त्या संध्याकाळी आई धावत आली. माझा पाय बघितला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. मग ती काकांकडे वळली. “तुमच्या कसं लक्षात आलं हो? देवासारखे धावलात.”

काकांनी ओठांवरून जीभ फिरवली. ते आता सांगणार, हे मला दिसलं.

“काका, तुम्ही जा आता,” मी म्हटलं. “उशीर झाला तुम्हाला.”

ते गेले. मी त्यांच्यावर दया केली असं कुणी समजू नये. हे ऐकताना आईचा चेहरा कसा होईल, तो पाहण्याची ताकद माझ्यात नव्हती, एवढंच. आईला मी ते पुढेही कधी सांगितलं नाही.

तपासणी माझ्याविना पार पडली. माझ्या याद्या बारापात्र्यांनी दोन बोटांनी टाइप केल्या, असं मला नंतर कळलं. काकांची पुतणी यादीत होती हे खरं होतं, पण तिचं लग्न होऊन ती छिंदवाड्याला गेली होती आणि तिला ही नोकरी नकोच होती. सबनीस साहेबांनी माझ्या अहवालात ‘समाधानकारक’ लिहिलं. त्या विषयावर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत आणि पुढच्या वर्षीच्या मेमध्ये बदलून गेले. रजिस्टर मात्र स्टुलावर राहिलं. सरकारी वस्तू एकदा आली की सहसा जात नाही.

मी कामावर परत आले त्या दिवशी सकाळी अकरा वाजता हाक आली.

“कुमुद, जरा उठतं का बाई?”

मी उठले. कपाटावरून पंचिंग मशीन काढली, त्यांच्यापुढे ठेवली आणि परत आले. बारा वाजता पुन्हा. एकला पुन्हा. आम्ही कामापलीकडे काही बोलत नव्हतो. मला बोलायचं नव्हतं. कधी फाईल देताना त्यांची सही दिसली की लाल शाई आठवायची आणि मी मान फिरवून घ्यायची. ती मान आता वळत होती, तीही त्यांच्यामुळेच, हे कळत असूनही राग जात नव्हता. पण हाक आली आणि मी उठले नाही, असं चौदा महिन्यांत एकदाही झालं नाही.

चौऱ्याण्णवच्या मेअखेर काका निवृत्त झाले. शाल झाली, नारळ झाला, बारापात्र्यांनी त्यांच्या शिलाई मशीनवरून भाषण केलं. काकांना बोलायला सांगितलं तर म्हणाले, “बसा सगळे,” आणि लगेच म्हणाले, “नाही, बसू नका.” लोक हसले. मी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाइप करत होते. अकरा वाजले. माझी बोटं आपोआप थांबली. हॉलमध्ये पंख्याचा आवाज होता, बाकी काही नाही. बारापात्रे माझ्याकडे बघत होते.

मी उठले. स्टुलापाशी गेले, रजिस्टर उघडलं आणि लिहिलं : कु. म. भोयर, अकरा वाजता. कारणाच्या रकान्यात लिहिलं : पाय मोकळे करणे. मग व्हरांड्याच्या टोकाला जाऊन पाणी प्यायले आणि सावकाश परत आले. नवे साहेब कसे आहेत ते अजून कुणाला कळलं नव्हतं. दिवसभर मी केबिनच्या काचेकडे पाहत होते. संध्याकाळी रजिस्टर सहीला गेलं आणि परत आलं. मी पान उलटून पाहिलं. खाली निळ्या शाईत सही होती, आणि बाबांचे ते तीन शब्द होते तसेच होते.

घरी जायच्या आधी मी वाट वाकडी केली. वैरागडे काकांचं घर तेलीपुऱ्यात होतं. ते बाहेरच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर. एका दिवसात माणूस इतका बसका दिसू शकतो, हे मला पाहवलं नाही. त्यांनी मला पाहिलं आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

मी फाटकाला हात लावून उभी राहिले.

“काका,” मी म्हटलं, “जरा उठता का?”

ते भिंतीचा आधार घेत उठले, गुडघा कटकन वाजला, आणि अंधार पडायच्या आत आम्ही तलावापर्यंत चालत जाऊन आलो.